सहा इंजिने आणि एक ‘अहो’

हाक एकाला मारावी आणि ओ अनेकांनी द्यावी, या आशयसूत्राच्या कथा निरनिराळ्या रूपांत सांगितल्या जातात. एका पाठात कुंभार लक्षात ठेवायचा त्रास नको म्हणून आपल्या सर्व गाढवांना एकच नाव ठेवतो. दुसऱ्यात राजा सेवकांच्या बाबतीत तेच करतो, आणि पाणी मागताच सात तांबे एकदम पुढे येतात. येथे दिलेला पाठ वयाने सर्वांत लहान आहे. त्यात गाढवे नाहीत, राजाही नाही. विजेवर धावणारी वीतभर लांबीची इंजिने आहेत. जुन्या पाठांत नाव ठेवणारा आळशी असतो. येथे तो हुशार आहे, आणि म्हणूनच त्याचा गोंधळ अधिक काळ टिकतो.

छोट्या रेल्वेचे रूळ कधीच उखडले गेले होते, अशा एका गावात शिवलिंगआप्पा नावाचे एक निवृत्त गृहस्थ राहत. साखर कारखान्याच्या वीजविभागाचे ते प्रमुख होते. नेमिनाथअण्णा त्याच विभागात वायरमन होते. आप्पांनी सांगावे आणि अण्णांनी तार ओढावी, हा रिवाज निवृत्तीनंतरही सुटला नव्हता.

दोघांनी मिळून शाळेच्या सभागृहात एका लांब टेबलावर गावचे जुने स्टेशन उभे केले. फलाट, पाण्याची टाकी, सिग्नल, इंजिनशेड आणि सहा इंजिने. रविवारी सारा गाव ते पाहायला येणार होता. त्या रेल्वेवर नोकरी केलेले पाच म्हातारे तर आठवडाभर आधीपासूनच भिंतीकडेच्या बाकावर येऊन बसत.

ही इंजिने नव्या पद्धतीची होती. रुळांत वीज सदैव खेळती असते, आणि हुकूमही त्याच रुळांतून जातो. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप असते. ती आपला नंबर पुकारला गेला तरच हलते, नाहीतर स्वस्थ राहते. ती बनवणाऱ्या कारखान्यातून मात्र प्रत्येक चिप तीन हाच नंबर घेऊन येते. तो बदलण्यासाठी सोबत हातभर लांबीचा एक वेगळा रूळ दिलेला होता. त्यावर एकच इंजिन ठेवावे आणि त्याला नंबर द्यावा, असे पुस्तिकेत लिहिले होते.

आप्पांना हा उपद्व्याप वाटला. एकेक इंजिन उचला, ठेवा, पुन्हा उचला. त्यांनी तो रूळ खोक्यातच राहू दिला आणि मुख्य मार्गावरच काम उरकले. शेडमध्ये पाच इंजिने भिंतीकडे तोंड करून उभी होती. सहावे त्यांनी बाहेर काढले, त्याला ‘एक’ हा नंबर दिला आणि दिव्याचे बटण दाबले. दिवा लागला. मग त्याला आत ठेवून दुसरे बाहेर काढले, त्याला ‘दोन’ हा नंबर दिला. त्याचाही दिवा लागला. सहाही परीक्षांत सहाही इंजिने उत्तीर्ण झाली.

त्यानंतर आप्पांनी एक नंबरला बोलावले. कोणी हलले नाही. दोनला बोलावले, तीनला, चारला, पाचला. शेड मूग गिळून बसली. अखेर सहाला बोलावले, तेव्हा सहाही इंजिने पाठमोरी बाहेर आली आणि शेडपुढे रूळ एकत्र येतात त्या सांध्यावर एकमेकांवर आदळली.

ज्याचा दिवा आप्पांनी स्वतः लावून पाहिला होता, ते इंजिन आता स्वतःच्या नंबराला ओळखत नव्हते. त्यांनी पुन्हा बटणे दाबली. पुन्हा तेच घडले. हुकूम तर बरोबर होता. मग तो वाटेत बिघडत असला पाहिजे. आणि वाट अण्णांनी घातलेली होती.

“नेमू, तुझ्या तारा एकमेकींत मिसळल्यात,” ते म्हणाले.

अण्णांनी टेबलाखाली शिरून सर्व तारा सोडवल्या आणि नव्याने जोडल्या. फरक पडला नाही. मग आप्पांनी दमट हवेला दोष दिला, मग तारांच्या टोकांच्या झाळकामाला, मग पुन्हा तारांना. अण्णांनी त्या दुसऱ्यांदा उपटल्या. बाकावरचे म्हातारे गावात जाऊन सांगू लागले की अण्णांचा हात आता पूर्वीचा राहिला नाही. शनिवारी सकाळी आप्पांनी तिसऱ्यांदा तेच सांगितले, तेव्हा अण्णांनी पक्कड टेबलावर ठेवली.

“आप्पा, चाळीस वर्षं तुमच्या सांगण्यावरनं तारा ओढल्या. ह्या मात्र आता मी उपटायचा नाही. आणि उद्या यायचाही नाही.”

ते गेले. आप्पांना तारांचे कळेना, आणि आता माणसाचेही कळेना.

दुपारी त्यांची पत्नी सुगलाबाई डबा घेऊन दाराशी आल्या. जुन्या वळणाच्या बाई. नवऱ्याचे नाव त्यांनी लग्नानंतर तोंडातून काढले नव्हते. दारातूनच त्यांनी हाक मारली, “अहो!”

बाकावरचे पाचही म्हातारे आणि टेबलापाशी उभे असलेले आप्पा, असे सहाही जण एकदम वळले.

सुगलाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. म्हाळू नावाचा जुना सांधेवाला म्हणाला, “वहिनी, आता नाव घ्या. म्हणजे आम्हा पाचांची तरी सुटका होईल.”

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. ते शेडकडे वळले आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या इंजिनांकडे पाहू लागले. नंबर बदलण्याच्या हुकमाला स्वतःचा पत्ता नसतो. रुळावर जो जो असेल तो तो ऐकतो. एक म्हटले तेव्हा सहाही जण एक झाले होते, दोन म्हटले तेव्हा दोन, आणि शेवटी सहाही जण सहा. दिवेही प्रत्येक वेळी सहाच लागले असणार. आपण समोरचा तेवढा पाहिला.

म्हातारे जेवायला गेल्यावर त्यांनी खोक्यातून तो हातभर रूळ काढला, एकेक इंजिन त्यावर ठेवून त्याला नंबर दिला, आणि सर्वांना तोंडे बाहेर करून शेडमध्ये उभे केले. अर्ध्या तासाचे काम होते. कोणी पाहिले नव्हते. अण्णांनी अखेर तारा नीट जोडल्या असे गाव समजला असता, आणि त्यात अण्णांचेही वाईट काही झाले नसते. आप्पांनी हा विचार मनात दोन-तीनदा फिरवून पाहिला. तो प्रत्येक वेळी चांगला दिसला, आणि प्रत्येक वेळी डबा उघडावासा वाटला नाही.

रविवारी सभागृह भरले. सुगलाबाईंनी मन वळवल्यामुळे अण्णा आले होते, पण दाराशीच उभे होते. आप्पांनी टेबलापासूनच सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, “नेमूच्या तारा पहिल्या दिवसापासून बरोबर होत्या. मी सहा जणांना एकदम सांगत होतो, आणि एकालाच सांगतोय असं समजत होतो. चूक माझी.”

“आणि मला दोनदा टेबलाखाली घातलंत, त्याचं?” अण्णांनी दारातून विचारले.

“त्याचं आता मला काही करता येत नाही,” आप्पा म्हणाले. त्यांनी हातातली बटणांची पेटी पुढे केली.

अण्णा गर्दीतून वाट काढत आले. त्यांनी पेटी घेतली आणि ‘एक’ हा नंबर दाबला. शेडमध्ये एकच दिवा लागला. पहिले इंजिन सांधा ओलांडून फलाटाकडे निघाले; बाकीची पाचही इंजिने दिवे न लावता जागच्या जागी उभी राहिली.

तात्पर्य: हुकूम देणाऱ्याने तो कोणाकोणाच्या कानी पडतो हे आधी पाहावे, आणि काम बिघडले तर दुसऱ्याच्या हाताला दोष देण्यापूर्वी आपण काय बोललो ते तपासावे.