कडीचा आवाज

“...अन् सदैव काहून?” अक्कांनी विचारलं.

शंतनूने फोन आणखी पुढे केला. अक्षरं जवळ आली की प्रश्न सोपा होईल, असं त्याला वाटलं असावं.

“तेच तर विचारतात, अक्का. ‘माणूस कुठे आहे, हे तुमच्या ॲपला सदैव का कळायला हवं?’ सहाव्यांदा परत पाठवलंय.”

“कोण इचारते?”

“स्टोअरवाले. फोनमधलं दुकान म्हणा. ॲप तिथे मांडायचं तर आधी त्यांच्याकडे दाखल करावं लागतं. ते तपासतात. पटलं तर मांडतात.”

“नाई पटलं तं?”

“आभार मानतात.”

हे मात्र खरं होतं. सहाही नकारांच्या शेवटी त्याचे मनापासून आभार मानलेले होते.

परतवाड्याबाहेरच्या त्या महानुभाव मठात सकाळचं ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. चंपाक्का ऐंशीच्या पुढच्या. भिक्षेची झोळी खांद्याला लावून निघण्याच्या बेतात होत्या, तेवढ्यात हा आला. दंडवत घातला आणि पुरता उठायच्या आधीच बोलायला लागला.

लहानपणी आईवडिलांनी त्याला याच ओसरीवर आणून अक्कांच्या पायाशी बसवलं होतं. पुढे पुण्याची मोठी कंपनी, हाताखाली चौदा माणसं. वडिलांच्या आजारपणामुळे वर्षभर तो इथे घरूनच काम करत होता, पण मठाची वाट त्याला सापडली नव्हती. आज सापडली.

“पहिल्यांदा स्क्रीनशॉटची मापं चुकली म्हणाले,” तो सांगू लागला. “मग तपासणाऱ्यासाठी वेगळं खातं का दिलं नाही म्हणाले. मग गोपनीयतेच्या धोरणाची लिंक उघडेना. ते सगळं मी निस्तरलं, अक्का. इतका नेटका अर्ज त्यांनी पाहिला नसेल. पण या प्रश्नावर गाडी अडली ती अडलीच. आज संध्याकाळपर्यंत शेवटची मुदत आहे.”

“करते काय तुहं ते ॲप?”

त्याचा चेहरा जरा उजळला.

“‘घरवाट’ नाव आहे. ज्यांची आठवण जाते ना, त्यांच्यासाठी. त्यांनी काही करायचं नाही. फोन खिशात असला की पुरे. घरच्यांना नकाशावर ठिपका दिसतो. माणूस निघाला की ठिपका निघतो. स्टोअरवाले म्हणतात, ॲप उघडं असेल तेवढ्यापुरतंच पाहा. आता ॲप उघडायचं ज्याला आठवतंय, तो हरवेल कशाला?”

“मंग हेच लिह्य ना.”

“लिहिलं. आठ मुद्द्यांत.”

अक्का त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग झोळी खांद्यावरून काढून त्यांनी बाजूला ठेवली.

“उत्तमरावचा काही पत्ता?”

“...नाही.”

“किती महिने झाले?”

“पाच.”

उत्तमराव खारोडे, शंतनूचे वडील. एकतीस वर्षं एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक. कुठली गाडी कोणत्या फलाटावर लागेल आणि कोणत्या गावाला किती वाजता पोचेल, हे साऱ्या तालुक्याने त्यांच्या तोंडून कर्ण्यावर ऐकलेलं. निवृत्तीनंतर चार वर्षांत स्वतःच्या न्हाणीघराची वाट विसरू लागले. असं का व्हावं, याला काही उत्तर नाही.

“फोन खिशात होता त्यांच्या,” शंतनू म्हणाला. “दोन दिवस वाजत होता. मग बंद झाला. पोलिसांनी टॉवरवरून जागा काढली, तर सहा किलोमीटरचा घेर निघाला. अर्धं जंगल त्यातच आलं.”

“दोन दिवस वाजला...”

“हो.”

“अन् हे तुहं ठिपक्याचं, ते त्याच्या फोनमदे व्हतं?”

शंतनूने फोन उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

“नव्हतं.”

“तयार झालं नोयतं?”

“तयार होतं.”

“मंग?”

“मंजूर नव्हतं झालं, अक्का.”

अक्का उठून आत गेल्या आणि आपला फोन घेऊन आल्या. कुणा भक्ताने दिलेला, काच कोपऱ्यात तडकलेली. तो त्यांनी त्याच्यापुढे धरला.

“याच्यात टाक.”

“अजून मंजूर नाही ते,” शंतनू म्हणाला. सवयीने म्हणाला.



अक्कांचा हात तसाच पुढे होता.

“टाकता येत नाई का?”

“येतं.”

“कसं?”

“केबल लावून. लॅपटॉपवरून.”

“किती येळ लागते?”

“...दोन मिनिटं.”

ओसरीवर चिमण्या तांदळाचे दाणे टिपत होत्या. अक्का थांबल्या. घाई त्यांनी आयुष्यात कुणाला केली नव्हती.

“बाबा रोज विचारायचे,” शंतनू खालच्या आवाजात म्हणाला. “‘लागली का रे तुझी गाडी फलाटावर?’ मी म्हणायचो, लागेल हो, लागली की पहिले प्रवासी तुम्ही. दुकानात जाऊन बटण त्यांनीच दाबायचं, असं ठरलं होतं. खाली माझं नाव असणार होतं. ते त्यांना वाचून दाखवायचं होतं मला. म्हणून थांबलो. केबल लावून टाकलेलं... ते काय, कच्चं काम. बाबांना कच्चं कसं देऊ?”

“अन् तो गेला तवा?”

“आई दळण आणायला गेली होती. गिरणीवर लाइट नव्हती, तिला उशीर झाला. जाताना फाटकाची कडी लावायची राहिली तिची. बाबांना फाटक उघडं दिसलं असणार. आई परत आली, म्हणाली, हे कुठे आहेत? मी म्हटलं, आत्ता पाच मिनिटांपूर्वी तर झोपाळ्यावर होते.”

“पाच मिनिटं.”

“हो. म्हणून आधी जवळपासच शोधलं सगळ्यांनी. गल्ली, देऊळ, शाळेचं मैदान. पाच मिनिटांत म्हातारा माणूस जाऊन जाऊन जाणार कुठे?”

“कडी रायली, हे तुही माय म्हंते?”

“तिला आठवत नाही. पण आली तेव्हा फाटक उघडंच होतं, मग राहिलीच असणार. तेव्हापासून दिवसातून दहा वेळा फाटकापाशी जाते. कडी लावते, काढते, परत लावते. धड जेवत नाही. माझ्याच हातून गेले, म्हणते.”

“अन् तू काय म्हंतं?”

“मी म्हणतो... होतं असं कधीकधी.”

अक्कांनी डोळे मिटले, उघडले. पुढे केलेला हात अजून खाली घेतला नव्हता.

शंतनूने फोन घेतला. बॅगेतून लॅपटॉप काढला, केबल लावली. खरंच दोन मिनिटं लागली. त्याच्या फोनवर नकाशा उघडला, त्यात मठाची जागा, आणि जागेवर निळा ठिपका. खाली नाव: अक्का.

“दिसतंय का?” त्याने फोन त्यांना दाखवला. आवाजात नाही म्हटलं तरी आनंद होता. “हे बघा. हा ठिपका म्हणजे तुम्ही.”

“दिसते बाप्पा.”

“आता फक्त त्यांचं तेवढं उत्तर लिहितो. पाचशे अक्षरांत बसवायचं आहे. हे एकदा मंजूर झालं ना, अक्का, की मग...”

“की मंग काय?”

मंजुरीच्या पलीकडे त्याने पाच महिन्यांत पाहिलंच नव्हतं. तिथे पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे त्याला ठाऊक असावं, आणि म्हणूनच तो इतक्या निकराने उत्तराच्या त्या चौकटीत लिहीत होता.

“लिह्य,” अक्का म्हणाल्या.

तो लिहू लागला. पहिलं वाक्य चांगलं जमलं. दुसरं लांबलं. सहाशे अक्षरं झाली. ‘सुरक्षितता’ काढून ‘सुरक्षा’ केलं. ‘वयोवृद्ध’ काढून टाकलं, मग वाईट वाटलं आणि परत घातलं. मधूनच तो नकाशावर नजर टाकायचा. ठिपका होता तिथेच होता. पाचशे तीस. पाचशे बारा. एका ठिकाणी ‘माझे वडील’ असं लिहिलं होतं, ते त्याने ‘संबंधित व्यक्ती’ केलं. मग अक्षरं मोजली, तर वाढलीच होती. पुन्हा खोडलं.

चारशे अठ्ठ्याण्णव.

“बसलं!” तो म्हणाला. “अक्का, ऐका. वाचून दाखवतो.”

ओसरीवर कुणी नव्हतं.

त्याने नकाशा पाहिला. निळा ठिपका. अक्का. याच जागी.

“अक्का?”

तडकलेल्या काचेचा फोन त्याच्या शेजारी, पाटावर पडला होता. पाटाशेजारची झोळी नव्हती.

तो उठला. आत डोकावला, स्वयंपाकघरात पाहिलं, अंगणात गेला, विहिरीत वाकून पाहिलं. विहिरीत काय म्हणून पाहिलं, हे त्यालाच माहीत. मग अनवाणीच फाटकाकडे धावला. पाच महिन्यांपूर्वी असंच धावायला हवं होतं... आणि तेव्हा तो धावला नव्हता, चालत गेला होता, पायांत चपला घालून, लॅपटॉप नीट मिटून.

फाटकातून अक्का आत येत होत्या. झोळी भरलेली होती. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, कुणीतरी दिलेला भात, सगळं एकत्र.

“तुम्ही... तुम्ही इथेच दिसत होतात,” शंतनू म्हणाला. “ठिपका हललाच नाही. मला कळलंच नाही, अक्का.”

“पाच घरं फिरून आली.”

“मला वाटलं...”

“किती येळ झाला असंन, बापू?”

“पाच मि...”



ऊन उंबरा सोडून पार विहिरीच्या कठड्यावर गेलं होतं. चिमण्यांनी ओसरीवरचे दाणे संपवले होते.

तो मटकन खाली बसला, तिथेच, फाटकाशी, मातीत.

“दोन तास,” तो म्हणाला. “त्या दिवशी दोन तास झाले होते. मी स्क्रीनशॉटची मापं जुळवत होतो. आई आली तेव्हाच मान वर केली. पाच मिनिटं नव्हती ती. पोलिसांना मी खोटं सांगितलं. सगळे गल्लीत शोधत बसले आणि बाबा... दोन तासांत ते कुठल्या कुठे गेले असतील.”

अक्का उभ्याच होत्या.

“आणि कडी...” त्याने फाटकाकडे पाहिलं. “कडी वाजली होती, अक्का. मी ऐकली. आई निघून गेल्यावर दहा मिनिटांनी. मला वाटलं, कडी काढून तीच आत आली. बाहेर बघितलं नाही मी.”

“वाजली?”

“हो.”

“तू आपल्या कानानं ऐकली?”

त्याने मान हलवली. मग गुडघ्यांत तोंड खुपसून तो रडला. असं रडणं पाहवत नाही आणि त्यावर काही करताही येत नाही. अक्कांनी झोळी खाली ठेवली. त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही.



मग त्याने बाहीने तोंड पुसलं, फोन वर काढला. चारशे अठ्ठ्याण्णव अक्षरं चौकटीत तशीच उभी होती. त्याने ती सगळी एका बोटाने पुसून टाकली. कोरी चौकट, वर तोच प्रश्न.

“आता काय लिहू, अक्का?” त्याने विचारलं. लहान मुलासारखं विचारलं. “संध्याकाळपर्यंतच मुदत आहे...”

अक्कांनी मागे वळून फाटक लोटलं. कडी हळूच उचलली, खटक्यात सोडली. ती वाजली.

“घरी जाय,” अक्का म्हणाल्या. “तुह्या मायले सांग, कडी लावेल व्हती.”