तापाच्या मुळीचं ठिकाण

सम्राटाच्या कारकिर्दीचं सातवं वर्ष, ऑक्टोबरची चार तारीख. सकाळपासून धुकं. वारा नाही.

"पण डोळ्यांवर पट्टी कशाला, बाबा?" फुस्कसने विचारलं. त्याचे दात वाजत होते. हिवतापाचा पाचवा दिवस.

"वाट दिसू नये म्हणून," डोंगरातला म्हातारा वैद्य ब्रिझोस म्हणाला.

तापाची मुळी उपटल्या उपटल्या चावावी लागते. डोंगराखाली आणेपर्यंत तिचा गुण जातो. म्हणून आजाऱ्यालाच पट्टी बांधून वर न्यायचं, ही ब्रिझोसच्या घराण्याची रीत.

"मी तुमचा शिष्य. दोन वर्षं तुमच्याकडे झाडपाला शिकलो."

"म्हणून तर पट्टी मऊ काढलीय."

फुस्कस हसला नाही. जगातला प्रत्येक प्राणी, वनस्पती, दगड आणि तो रोमच्या कोणत्या प्रांतात मिळतो, याची नोंद करणारा ग्रंथ तो लिहीत होता. छत्तीस खंड, सम्राटाला अर्पण. मी त्याचा लेखनिक. फक्त या मुळीचं ठिकाण राहिलं होतं.

"सम्राटाच्या राज्यात अज्ञात जागा उरता कामा नये," तो म्हणाला. "शिवाय लिहिलं तर हजारो लोक बरे होतील."

"लाल डिंकाचं झाड आठवतं? ते तुला उघड्या डोळ्यांनी दाखवलं होतं."

"अकराव्या खंडात आहे. ठिकाणासकट."

"हो. तोच खंड घेऊन शिपाई आले. झाडाभोवती कुंपण घातलं."

ब्रिझोसने उजवा हात पुढे केला. अंगठा नव्हता.

"त्यांच्या कुंपणात शिरलो म्हणून... नातीच्या खोकल्याला डिंक हवा होता."

"मला ठाऊक नव्हतं," फुस्कस म्हणाला.

"आता झालं ठाऊक. लिही. कोणत्या खंडात बसेल?"

"असा खंड नाही, बाबा."

ब्रिझोसने पट्टी त्याच्या मांडीवर ठेवली. "धुकं निवळायच्या आत निघू. बांध."

फुस्कसने ती कपाळापर्यंत नेली. मग नीट घडी घालून परत दिली.

"सम्राटाचा माणूस सम्राटाच्याच डोंगरावर आंधळा होऊन चालणार नाही."

"मरशील, पोरा."

"न्यायचं तर असंच न्या."

"तुझ्या सम्राटाला सगळं दिसतं ना?" ब्रिझोस पट्टी खिळ्याला अडकवत म्हणाला. "मग मुळी त्याच्याकडेच माग."

फुस्कस नऊ ऑक्टोबरला, परतीच्या वाटेवर, बंदरावर वारला. छत्तीसही खंड रोमला पोचले. तापाच्या मुळीपुढे ठिकाणाची जागा कोरी आहे.