चिडाच्या मुळाशी

“मंग कमी काय पडलं, बावाजी? तेवढं तरी सांगा.”

अजाब सकाळपासून हेच विचारत होता. मानगीर बावाजी एका पडलेल्या खोडावर बसले होते. त्यांनी ऐकलं, पण मान वर केली नाही.

समोरचा सगळा उतार आडवा झालेला. चिडाची झाडं ती, सुईसारख्या पानांची, सरळसोट वाढलेली. चैतातल्या वादळानं एका दुपारीच निजवली. राळेचा वास अजून हवेत होता.

सातपुड्याच्या त्या पठारावर बावाजींचा मठ. मठ म्हणजे काय, एक खोली, एक ओटा, एक विहीर. पाठीमागचा डोंगर उघडाबोडका. बावाजी एकदा सहज बोलून गेले होते, “इथं चिडाची झाडं असती तर सावलीत बसलो असतो.” म्हातारं माणूस बोलतं तसं बोलले आणि विसरले.

त्यांचा चेला अजाब विसरला नाही, त्यानं डोंगरावर चिडाची रोपं लावली. त्याला घाई लागली. झाडांपाशी वेळ होता, बावाजींपाशी नव्हता.

म्हणून त्यानं एकेका रोपाला आळं केलं. आळ्यात युरिया, वरून शेणकाला, त्यावर विहिरीचं पाणी. भर उन्हाळ्यातसुद्धा माती सुकू दिली नाही. खाली गळलेल्या सुया झाडून जाळायचा, म्हणायचा, कचरा कशाला पाहिजे मुळाशी. ओढ्यापलीकडं जंगलखात्यानंही त्याच साली चिडाची झाडं लावली होती, मुरमात, देवाच्या भरवशावर. ती माणसाच्या कमरेला लागली तेव्हा अजाबची मठाच्या कौलावरून डोकावत होती.

जंगलखात्याचा चौकीदार येता-जाता टोमणा मारी, “अजाबभाऊ, झाडं पोसून राह्यला का बोकड?”

“तुमची लेकरं उपाशी हायेत, आमची जेवलेली,” अजाब म्हणे. मान ताठ.

आणि मागल्या उन्हाळ्यात बावाजी खरंच त्या सावलीत बसले. पाय पसरून बसले, हसले. अजाबला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

आता तेच बावाजी त्याच झाडावर बसले होते, आणि झाड जमिनीवर होतं.

“खत कमी पडलं का?”

“नाई.”

“पानी?”

“नाई.”

“मंग माह्या हातालेच यश नाई म्हना.”

“हाताले नावं नको ठेवू.” बावाजींनी ओढ्याकडं बोट केलं. “तिकडं पाह्य.”

पलीकडची झाडं उभी होती. खुजी, वेडीवाकडी, वाऱ्यानं एका अंगाला कलंडलेली, पण उभी.

अजाबचं तोंड कडू झालं. “त्यायले तर कोनी इचारलं बी नाई.”

“हो. नाई इचारलं.”

…

बावाजी उठले. उपटलेल्या बुंध्याशी गेले. मुळ्या सगळ्या वरवरच्या, भाकरीसारख्या चपट्या पसरलेल्या. खाली गेलेली एक नाही. बावाजींनी त्यांच्यावरून हात फिरवला, तापानं फणफणलेल्या लेकराच्या अंगावरून फिरवावा तसा.

“ह्या काहून नाई गेल्या खोल?”

अजाबला बोलायचं नव्हतं. पण बावाजी थांबून राहिले, तेव्हा बोलावं लागलं.

“कायले जातील? सारं वरतीच भेटे त्यायले.”

बावाजींनी मान हलवली. मग भलतंच विचारलं.

“माह्यापाशी आला, तवापासून कधी उपाशी निजला का रे तू?”

“तुमच्या राज्यात? कधीच नाई.”

“झोळी घेऊन गेला कुठं?”

त्यांच्या पंथात शिष्याला वर्षभर अनोळखी गावं फिरावी लागतात, दारोदार मागून खावं लागतं. त्याशिवाय कुणाला भगवं मिळत नाही. अजाबच्या वेळी बावाजींनीच रीत मोडली होती. बिनमायबापाचं पोर, ऊन लागेल, कुणी हाकलून देईल, म्हणून.

“तुमी जाऊ नाई देल्लं,” अजाब म्हणाला.

“आन काही अडलं, तं?”

“तुमाले इचारलं की तुमी तवाच सांगत. कधी कधी तं मी इचारायच्या आधीच.”

हे तो कौतुकानं बोलायला गेला. बोलता बोलता त्याची नजर त्या वरवरच्या मुळ्यांवर गेली.

…

बावाजींचा हात अजून त्या मुळ्यांवरच होता.

“मले हौस होती रे सावलीची,” ते म्हणाले.

मग ते मठात गेले. खुंटीवरची आपली झोळी घेऊन आले आणि अजाबच्या खांद्याला अडकवली. खांद्यावरून उगीच हात फिरवला, धूळ झटकल्यासारखा. धूळ नव्हती.

“तुमाले पानी कोन देईन?” अजाबनं विचारलं.

“हीर हाय ना.”

“सैपाक?”

“तू यायच्या आधी मी काय गवत खात होतो?”

अजाबला हसू आलं नाही. “मी वापस येईन तवा तुमी…”

…

बावाजी उताराकडं पाहत राहिले. वारा पडला होता. पलीकडच्या खुज्या झाडांत एक पाखरू ओरडत होतं, तेवढाच आवाज.

अजाब पाया पडला आणि निघाला. ओट्याखाली वाट दोन अंगांना फुटत होती, एक चौकीवरून बाजारगावाकडं, एक खाली दरीत. तो थबकला. आयुष्यभराची सवय, मान आपोआप मागं वळली.

“कोन्या वाटेनं जाऊ, बावाजी?”

बावाजींचं तोंड उघडलं. उत्तर अगदी ओठांवर आलेलं दिसलं. त्यांनी ते गिळलं.

“मले नको इचारू, बापू. मले ठाऊक हाय, म्हनूनच.”