दहा हजार एक मण्यांचा हार

एकदा काय झालं, तान्हाक्का तळ्यावर म्हशीला पाणी पाजत होती. कान मात्र तळ्यातल्या यक्षिणीकडे. यक्षिणीचा हार तुटला होता, आणि ती स्वतःशीच बोलत होती, "दहा हजार एक मण्यांचे सारखे पदर पडायचेच नाहीत..." तेवढ्यात म्हैस ओरडली आणि पुढचं ऐकायचं राहिलं. पण संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की तो हार काही व्हायचा नाही.

आणि यक्षिणीनं तर तळ्यात येणारा झरा अडवून धरला होता, बरं का; तळं आटत चाललं होतं. सगळे मणी राजाकडे पाठवून ती म्हणाली, "हार द्या, पाणी घ्या. पदर सगळे सारखे हवेत. एकपदरी नको, आणि मणी एकही उरायला नको."

राजानं दोन पदर करवले. एक मणी उरला. मग तीन करवले, दोन उरले. मग सात करवले, पाच उरले. राजा म्हणाला, "तान्हाक्का म्हणते ते खरं. पुनवेला गाव सोडू."

त्या गावात चिमा नावाची पटवेकरीण होती, दागिने दोऱ्यात गाठवून द्यायची. तिचे आबा आंधळे. गावातली प्रत्येक वाट त्यांच्या पायांना पाठ. नव्या गावात ते चाचपडत बसणार. चिमा राजाला म्हणाली, "पुनवेपर्यंत मणी माझ्याकडे असू द्या."

मग चिमा दोरे मांडायची आणि आबा एकेका दोऱ्यापाशी एकेक मणी टाकत जायचे. ती चार दोरे मांडायला लागली, तर आबा म्हणाले, "अगं, दोनात उरलं ते चारात कसं जिरेल? चार सोड, सहाही सोड."

"पण आबा, हे कुठवर करायचं?"

"शंभरापर्यंत. शंभर पदरांत शंभर-शंभर घातले की झाले दहा हजार. त्याहून जास्त पदर केलेस, तर एकेका पदरात शंभराहून कमीच मणी येणार. पदर आणि मण्यांची ती जोडी उलट्या बाजूनं आपण आधीच बघितलेली असेल."

मग पाच झाले, अकरा झाले, तेरा झाले, सतरा झाले. काही ना काही उरायचंच. पुनव उजाडली. एकाहत्तर पदर मांडले, एकसष्ट मणी उरले.

तान्हाक्का दारात येऊन म्हणाली, "मी सांगितलं होतं ना, चिमे? बांध आता बोचकं."

"आलाच आहात अक्का, तर दोरे धरा," चिमा म्हणाली.

मग त्र्याहत्तर दोरे मांडले. आबा मणी टाकत गेले, टाकत गेले. शेवटी त्यांनी टोपलीत हात फिरवला.

"चिमे, किती गं उरले?"

"काही नाही, आबा. एकेका पदरात एकशे सदतीस."

यक्षिणीनं हार गळ्यात घातला आणि झरा वाहायला लागला. तान्हाक्कानं विचारलंच, "बाई, तू तर म्हणत होतीस पदर पडायचे नाहीत."

"पुढचं ऐकलंस कुठं? दोन-चार खेपांत कंटाळलं तर, असं म्हणत होते मी."

तशी अक्काची बातमी अगदीच खोटी नव्हती. त्र्याहत्तर आणि एकशे सदतीस, ही एक जोडी सोडली तर तो आकडा कुणालाच दाद देत नाही. गाव जागच्या जागी राहिलं. आबा रोज आपल्या वाटेनं, कुणाचा हात न धरता, तळ्यावर जाऊन पाणी पिऊन यायचे.

चला, घ्या पांघरुणं. आता त्या त्र्याहत्तरांचे सारखे वाटे पडतात का, ते बघत पडा. वाटे नाही पडत, पण झोप लागते.