हुकमाविना लढणारी फौज

फार फार वर्षांपूर्वी, डोंगराच्या कुशीत एक राज्य होतं. तिथला राजा शूर होता, पण भारी संशयी. आपल्या हुकमाशिवाय किल्ल्यात मुंगीसुद्धा शिरता कामा नये, असा त्याचा खाक्या. दारोदार पहारे, आणि प्रत्येक पहारेकऱ्याला तो नावानिशी ओळखायचा.

एवढा कडेकोट बंदोबस्त, तरी एके वर्षी गोवर आत शिरला आणि त्यानं राजाच्या एकुलत्या एक लेकीलाच गाठलं. पोर तापानं फणफणली, अंगभर पुरळ उठलं. दासी भीतीनं खोलीत पाऊल टाकेनात. राजानं काय करावं? दाराशी भालाईत उभे केले. आता गोवराला भाल्याचं काय भय?

आतून क्षीण हाक आली, “बाबा, पाणी.”

राजा उंबऱ्यापर्यंत धावला. प्रधान आडवा झाला. “महाराज, आपल्याला लागण झाली तर राज्य उघडं पडेल.” राजा तिथंच थांबला. आत लेक तहानेनं तळमळत होती आणि बाप दारात उभा होता.

इतक्यात त्याला लहानाचा मोठा करणारी त्याची आत्या काठी टेकत आली. “अरे, उभा काय राहिलास? तुला गोवर येऊन गेलाय. तीन वर्षांचा होतास, माझ्या मांडीवर होतास.”

“आत्याबाई, मला तर काहीच आठवत नाही.”

“तुला नाही, पण तुझ्या अंगाला आठवतं. तेव्हा तुझ्या आत जी फौज लढली, तिनं या वैऱ्याचं तोंड ओळखून ठेवलंय. पुन्हा आला तर वेशीवरच धरील.”

“पण अशी फौज मी कधी नेमली?”

“तू नेमली असतीस, तर तुझ्या हुकमाची वाट बघत बसली असती.”

राजा आत गेला. त्यानं लेकीला उचलून घेतलं आणि घोट घोट पाणी पाजलं. तिचं अंग निखाऱ्यासारखं तापलं होतं. तो घाबरला.

“हा ताप म्हणजे तिच्या फौजेची लढाई,” आत्या म्हणाली. “तलवार तुला चालवता येणार नाही. तू रसद पोचव.”

मग राजा रसद पोचवत राहिला. पाणी, पेज, ओली पट्टी, स्वस्थ झोप. तिच्या इवल्याशा देहात केवढं रण माजलं असेल, या विचारानं तो थक्क व्हायचा. ना नगारा, ना निशाण, ना कुणाला इनामाची आस.

एका पहाटे पोरीला दरदरून घाम फुटला आणि ताप उतरला. “बाबा, भूक लागली,” ती म्हणाली. राजाला मात्र साधी शिंकही आली नव्हती.

आजवर कुणापुढे न लवलेल्या त्या राजानं लेकीचा घामेजलेला हात आपल्या कपाळाला लावला, आणि त्याचे डोळे भरून आले. मग त्यानं दारातले भालाईत घरी धाडले.

तात्पर्य : ज्यांची आपल्याला ओळखही नसते असे राखणदार आपल्याला जगवतात, म्हणून त्यांना रसद द्यावी आणि आपला गर्व सोडावा.