भीती घालवणारं पाणी

नदीकाठी औषधांचा कारखाना नुकता उभा राहिला, तेव्हाची गोष्ट. माणसांची धास्ती घालवणाऱ्या गोळ्यांचं धुवण मोरीतून थेट नदीत येई. काठच्या पाणकणसाची मुळं ते शोषून घेत नि तिथलं पाणी निर्मळ राही, म्हणून खवली मासोळी आपल्या लेकीला त्या मुळांतच दडवून ठेवी.

एकदा लेक निसटली आणि मोरीच्या तोंडाशी, बगळ्यापुढंच नाचू लागली.

"भवाने, माघारी फीर! खाईल तो!"

"मला भीतीच वाटत नाही गं, आई!"

"शूर आहे हो पोर," बगळा म्हणाला.

खवली तिला ओढायला त्या पाण्यात शिरली. दोन घोट पोटात गेले आणि एवढी घाई कशाची होती, तेच तिला आठवेना.

बगळ्यानं लेक गिळली. खवली शांतपणे बघत राहिली.

"आता मी येऊ का हो, बगळेभाऊ?" तिनं हसत विचारलं.