गालिच्याला पडलेली टकलं

हरणगडच्या दरबारात सिंहासनाला अगदी लागून गालिच्याला दोन टकलं पडली. लोकर झिजून खालची सुतं दिसू लागली.

दिवाण त्र्यंबकराव कडाडले, "सरकार, या कासम फरासानं कुंचा घासघासून गालिच्याची वाट लावली. तोडा याचा हात!"

चार बोटं लोकरीसाठी माणसाचा हात! पण दिवाणांपुढे बोलणार कोण?

शेवटी कासमच म्हणाला, "सरकार, माझा कुंचा सगळीकडे सारखाच फिरतो. मग झीज इथंच कशी?"

महाराजांनी सवयीनं दिवाणांकडे पाहिलं. दिवाणही सवयीनं पुढे झाले आणि महाराजांच्या कानाशी वाकून कुजबुजू लागले.

"दिवाणजी, आता हलू नका!" कासम ओरडला.

सगळ्यांच्या नजरा खाली गेल्या. दिवाणांची दोन्ही पावलं त्या दोन टकलांवर मापून बेतल्यासारखी बसली होती.

कासमनं हात जोडले. "सरकार, गालिच्यावरची धूळ मी रोज झाडतो. पण आपल्या कानात रोज जे पडतं, तिथवर माझा कुंचा पोचत नाही."

दुसऱ्या दिवशी, महाराजांच्या हुकमानं, कासमनं दिवाणांची बैठक सिंहासनापासून दहा हात लांब मांडली.